कागद हलतो म्हणणारे व्याही

नाशिकच्या हवेत आज किती पाणी आहे हे देवाला आणि आमच्या व्याह्यांना, दोघांनाच ठाऊक असतं. त्यातला देव निदान त्याची काळजी तरी करत नाही. व्याही करतात. सकाळी दात घासायच्या आधी करतात, जेवताना हातातला घास हातात ठेवून करतात, आणि कोणी मयताची बातमी सांगायला आलं तरी ऐकता ऐकता एक डोळा भिंतीकडे असतो. भिंतीवर त्यांनी घड्याळासारखं एक यंत्र टांगलं आहे, त्याचा काटा हवेतली ओल दाखवतो. काटा वर गेला की त्यांचा चेहरा पडतो, कारण ओल वाढली की कागद फुगतो. काटा खाली आला की आणखी पडतो, कारण हवा कोरडी झाली की कागद आटतो. काटा मधोमध थांबलेला मी पाहिला नाही, आणि व्याही निवांत बसलेलेही पाहिले नाहीत.

मी सिन्नरची. शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे जशी बोलते तशी लिहिते. माझी लेक कल्पना त्यांची सून. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नाशिकला झालं, आणि डॉक्टरांनी एकट्या राहू नका म्हणून बजावलं, म्हणून सिडकोत लेकीच्या सासरी मुक्काम टाकावा लागला. आमच्या काळी आई लेकीच्या घरी पाणी पिऊन उभ्या पावली निघायची. मी तिथं उन्हाळाभर राहिले, त्यांचं खाल्लं, व्हरांड्यातली चांगली खुर्ची अडवली आणि वर आता त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे. व्याह्यांना याचं वाईट वाटणार नाही. ते मजकूर वाचायच्या आधी कागद कुठला आहे ते बघतील, उजेडात धरतील, कोपरा चिमटीत पकडून बघतील, आणि मजकूर बहुधा राहूनच जाईल.

नोकरीभर ते एका छापखान्यात मशीनवर होते. दिंडोरीकडची द्राक्षं ज्या खोक्यांतून जातात त्यांच्यावरची रंगीत लेबलं तिथं छापत. रंगीत चित्र एका दमात छापत नाहीत, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. पिवळा वेगळा, लाल वेगळा, निळा वेगळा. एकावर एक चढवायचे, आणि सगळे नेमके एकमेकांवर बसले तरच द्राक्ष द्राक्षासारखं दिसतं. केसभर सरकलं की प्रत्येक मण्याला शेजारी आणखी एक मणी फुटतो. एकदा म्हणे तसं झालं आणि एक बागायतदार हातात खोकं घेऊन छापखान्यात आला. भांडला नाही. खोकं टेबलावर ठेवून एवढंच म्हणाला, "भाऊ, माझ्या द्राक्षाचा देठ तुम्ही शेजारच्याच्या घडाला लावला." मालक हसला, कामगार हसले. आमचे व्याही हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांची झोप जी पातळ झाली ती आजपर्यंत पातळच आहे. विहीणबाई सांगतात की झोपेतसुद्धा ते हाताने चाचपून उशी पलंगाच्या कडेला जुळवून घेतात.

निवृत्त झाल्यावर माणसं बागेत हास्याचे व्यायाम करतात नाहीतर सुनेच्या कामात नाक खुपसतात. यांनी मोबाइलवर बघून बघून फोटो छापायची एक फार जुनी रीत शिकून घेतली. डिंकाच्या पाण्यात रंग कालवायचा, त्यात एक केशरी औषध घालायचं. ते विषारी, म्हणून हातमोजे, आणि त्या खोलीत कोणी फिरकायचं नाही. हे मिश्रण कागदाला फासायचं, सावलीत वाळवायचं, वर चित्राची पारदर्शक फिल्म ठेवायची, काच दाबायची आणि अंगणात उन्हाला न्यायचं. ऊन लागतं तिथला डिंक घट्ट धरतो, बाकीचा पाण्यात सुटून जातो. हा झाला एक रंग. मग कागद वाळवून पुन्हा पहिल्यापासून दुसरा, पुन्हा तिसरा. आणि कागद म्हणजे काही पत्रा नव्हे. भिजला की फुगतो, वाळला की आटतो, आणि आटताना आधीच्या मापावरच येऊन थांबेल असं नाही. पिवळ्या रंगाच्या वेळी नाक जिथं होतं तिथं लाल रंगाच्या वेळी ते सापडत नाही. म्हणजे ज्या गोष्टीने जन्मभर झोप उडवली तीच या माणसाने म्हातारपणी हौस म्हणून घरात आणून बसवली.

खरं सांगायचं तर त्यांचा इलाज मला पहिल्याच दिवशी पटला. साडीचा फॉल लावायच्या आधी आपण तो भिजवून आटवून घेतो. नाही घेतला तर पहिल्या धुण्यात साडीचा काठ गोळा होतो. ब्लाउजच्या अस्तराचंही तेच. व्याही कागदाचं तेच करतात. कोरा कागद गरम पाण्यात बुडवायचा, निथळायचा, वाळवायचा, पुन्हा बुडवायचा. बुडवताना ते त्याच्याशी बोलतात. काय आटायचंय ते आत्ता आटून घे बाबा, चित्र चढल्यावर नखरे नकोत, अशा समजुतीच्या सुरात. स्वतःच्या मुलाशी ते इतक्या गोडीने बोलल्याचं माझ्या लेकीला आठवत नाही. मला मात्र आवडलं. आधी भिजवून आटवून घेणारा माणूस कामचुकार नसतो.

त्यानंतर कागदाला खळ द्यायची, म्हणजे रंग आत मुरत नाही. खळीसाठी त्यांनी आधी विहीणबाईंच्या भाताची पेज नेली. विहीणबाई घोटीकडच्या, भाताच्या मुलखातल्या. पेज त्या पितात, ओतून देत नाहीत. पण नवरा मागतो म्हणून दिली. सकाळी बघतात तर झुरळांनी कागदाच्या कडांना झालर कातरून ठेवलेली. विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "पेज चांगली व्हती, त्यांनी खाल्ली. पाव्हण्यांना नावं ठेवू नका." मग व्याह्यांनी जिलेटिन आणलं. सिन्नरकडे जिलेटिन म्हणजे विहिरीत सुरुंग लावायच्या कांड्या, म्हणून मी जावयाला बाजूला घेऊन विचारलं की घरात पोर आहे, याचा विचार केलाय का. तो म्हणाला की आई, हे जेलीतलं. तरी पहिल्या दिवशी ते पातेल्यात विरघळत होतं तेव्हा मी खुर्ची जरा मागेच घेतली.

शेवटी एका पाटावर दोन खिळे ठोकलेले. कागदाला आणि फिल्मला वरच्या कडेला भोकं पाडून दोन्ही त्या खिळ्यांवर बसवायची, म्हणजे दर वेळी तीच जागा. एवढं करूनही त्यांचा जीव थाऱ्यावर नसे. छपाई चालू असली की कुकर लावायचा नाही, वाफ होते. ओले कपडे मागच्या दारी. फरशी पुसायची ती आदल्या दिवशी. शेजारची बाई बारशाचं बोलावणं करायला आली, तिला म्हणाले, या या, बसा, फक्त त्या बाजूला तोंड करून बोला. ती बाई बोलावणं न सांगताच गेली आणि आम्हाला बारसं झाल्यावर पेढे पाहून कळलं. मी गुडघा उशीवर टाकून हे सगळं बघायची. सिन्नरला माझ्या घरी मी कुकर लावते तेव्हा कोणी विचारणारं नाही. इथं शिट्टी झाली की घरातली माणसं एकमेकांकडे बघायची. करमणूक चांगली होती.

यंदा त्यांनी विहीणबाईंचाच फोटो घेतला होता. माझ्या नातीने मोबाइलवर काढलेला. विहीणबाई कॅमेरा दिसला की आधार कार्डावरच्यासारख्या होतात, पण घोटीला भावाच्या अंगणात कोंबडीने भावाचा चष्मा पळवला तेव्हा त्या हसत होत्या, आणि पोरीने नेमका तेवढ्यात टिपला. सगळे दात, पडलेला दातसुद्धा. व्याही म्हणायचे, हा असा चेहरा मी लग्नानंतर कितीदा पाहिला असेल. हे हसू त्यांना तीन रंगांत कागदावर उतरवायचं होतं. पिवळा चढला. लाल चढला. निळा चढवला, आणि व्याह्यांनी जाहीर केलं की विहीणबाईंना दोन नाकं आली.

पहिल्यांदा आम्ही हसलो. विहीणबाईच म्हणाल्या, "असू द्या. एखादं कापलं गेलं तरी एक राहील." पण व्याह्यांनी पुन्हा कागद आटवला, पुन्हा तिन्ही रंग चढवले, आणि पुन्हा तेच म्हणाले. मग हसणं कमी झालं. कारण त्यांचं म्हणणं चमत्कारिक व्हायला लागलं. ते म्हणत की भिंगातून बघितलं तर तिन्ही रंग नेमके बसलेले असतात, आणि मान वर करून लांबून बघेपर्यंत कागद हलतो. तेवढ्यात आटतो. माझ्या श्वासाने आटतो. मी म्हटलं, दादा, एवढ्या पटकन तर पापड पण वाळत नाही. ते मला म्हणाले, "विहीणबाई, तुम्हाला कागद माहीत नाही." हे खरंच होतं. ते मात्र दुरुस्ती करायला लागले. खिळ्यांवर फिल्म नीट बसलेली असताना मुद्दाम केसभर सरकवायची, म्हणजे कागद हलला तरी चित्र जागेवर येईल. ते वाळून आलं की खरोखरच दोन नाकं, आम्हा सगळ्यांना दिसतील अशी. विहीणबाईंचे असे चेहरे दोरीवर चिमट्यांनी लटकलेले असायचे, ओळीने, दात दुप्पट.

आणि मग पाळी गेटची आली. स्कूटर रोज ज्या गेटातून आत घेतात त्याच गेटाच्या खांबाला त्यांनी स्कूटर घासली. आरसा तुटला. मागे माझी नात बसली होती. तिला लागलं नाही, पण ती उतरून सरळ माझ्याकडे आली आणि माझा हात धरून उभी राहिली, जे ती एरवी करत नाही. व्याही म्हणाले, उन्हाने लोखंड वाढतं, गेट पुढे आलं होतं. हे त्यांनी इतकं मनापासून सांगितलं की मी नातीचा हात सोडला नाही. रात्रीच्या भाकरी थापताना कल्पना हळू आवाजात मला म्हणाली, आई, माझ्या आजेसासऱ्यांचं पण असंच सुरू झालं होतं.

ते मला माहीत नव्हतं. व्याह्यांच्या वडिलांना शेवटी शेवटी घरातली माणसं ओळखू येईनात. भिंतीला दार समजायचे, दाराला भिंत. शेवटची वर्षं त्यांना धरून फिरवायचं काम यांनीच केलं होतं. तेव्हा मला उमगलं की व्याही दिवसभर कागद कागद का करतात. कागद हलत असेल तर ठीक होतं. कागद हलत नसेल, तर मग दुसरं काहीतरी हलत होतं, आणि ते काय असेल हे त्या घरात त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरांचं नाव काढलं की ते उठून जायचे. नातीला क्लासला मीच सोडणार म्हणून हट्ट धरायचे. आम्ही सगळे त्यांच्या पावलांकडे बघत बसायचो. ते कपात चहा ओतायला लागले की विहीणबाई बोलता बोलता कप सरकवून धारेखाली आणायच्या, त्यांना कळणार नाही अशा. मीही बघायची. माझ्यासारख्या बाईला रडू येत नाही, पण भूक मरते. त्या दिवसांत माझी भूक मेली.

एके दिवशी दुपारी घरात आम्ही दोघंच. विहीणबाई बुद्धविहारात गेल्या होत्या, कल्पना बँकेत. व्याह्यांनी फिल्म न सरकवता छापलेला नवा कागद वाळवून पाटावर बसवला, भिंग लावलं, डोळा चिकटवला. मला म्हणाले की आता बघा, बसलाय. मी काठी टेकत गेले, बघितलं, बसलेला होता. एकच नाक, एकच तो पडलेला दात. त्यांनी भिंग काढलं, मान वर केली आणि चेहरा उतरला. हलला, म्हणाले. मी म्हटलं, मला तर नाही दिसला हललेला. पुन्हा भिंग. बसलाय. पुन्हा मान वर. हलला. असं बराच वेळ चाललं. माझा गुडघा ठणकत होता, आणि खरं सांगते, मला त्यांची कीव आली नव्हती, मला राग आला होता. शहाणा माणूस माझ्यासमोर बसून मला दिसतंय ते खोटं म्हणत होता.

मी म्हटलं, "भिंगातून एकाच डोळ्याने बघता ना? मग लांबून पण एकाच डोळ्याने बघा. सारखा न्याय करा."

ते म्हणाले, त्याने काय होणार. मी म्हटलं, काही नाही होणार, पण माझं समाधान करा. विहिणीने व्याह्याच्या डोळ्यावर हात ठेवायचा नसतो, म्हणून शेजारी जिलेटिन ढवळायची स्टीलची वाटी पडली होती ती पुढे केली. त्यांनी ती उजव्या डोळ्यावर धरली. कागदाकडे बघितलं. मग डाव्या डोळ्यावर धरली. मग खाली घेतली. पुन्हा वर. त्या दुपारी कोणी गेटातून आत आलं असतं तर म्हातारा वाट्या डोळ्यांना लावून फोटोशी खेळतोय असं दिसलं असतं, आणि मी समोर काठी घेऊन उभी.

"हलत नाही," ते म्हणाले. "विहीणबाई, कागद हलत नाही. खळ बरोबर होती. आटवणं बरोबर होतं. सगळं बरोबर होतं." आणि त्यांचा चेहरा इतका खुलला की मला वाटलं आता उठून नाचतील. मग त्यांनी वाटी मांडीवर ठेवली. हळूहळू त्यांना पुढचं कळलं. कागद हलत नसेल तर.

मी म्हटलं, दादा, डोकं फिरलेल्या माणसाचं डोकं एक डोळा झाकला तरी फिरलेलंच राहतं. तुमचं राहिलं नाही. हे मी डॉक्टर म्हणून बोलले नाही. मला काय कळतंय. पण काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून बोलले. ते म्हणाले, कल्पनाला फोन लावा.

पुढचे दिवस दवाखान्यांचे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बोट इकडून तिकडे फिरवून बघितलं, उजवीकडे बोट गेलं की व्याह्यांचा उजवा डोळा वाटेत थांबायचा, थकलेल्या बैलासारखा. त्यांनी नसांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डोक्याचा फोटो काढायचा ठरला, आणि त्याचा रिपोर्ट येईपर्यंत त्या घरात कोणी टीव्ही लावला नाही. विहीणबाई नुसत्या एका जागी बसून तांदूळ निवडायच्या. निवडलेलेच पुन्हा निवडायच्या. रिपोर्ट आला. डोक्यात काही नव्हतं. साखर होती. साखर इतकी वाढली होती की डोळा बाजूला ओढणारी नस रुसून बसली होती. बहुतेकांची परत येते, डॉक्टर म्हणाले, काही महिने जातात, पूर्ण येईलच असं लिहून देत नाही. मग त्यांनी विचारलं की साखर शेवटची कधी तपासली होती. व्याही खाली बघायला लागले. हवेतलं पाणी दिवसातून कितीदा तरी बघणाऱ्या माणसाने अंगातली साखर वर्षभर बघितली नव्हती. कल्पना डॉक्टरांसमोरच त्यांना बोलली, सुनेने बोलू नये इतकं बोलली, आणि ते मान हलवत राहिले, बरं वाटल्यासारखे.

घरी आल्यावर डोळ्याला पट्टी. विहीणबाई त्यांच्या समोर बसल्या होत्या, मी माझ्या खुर्चीत. कोणी काही विचारलं नव्हतं, तरी ते आपणहून सांगायला लागले. माणसंसुद्धा दोन दिसत होती, म्हणाले. वाटलं, आपणही वडिलांच्या वाटेने निघालो. सांगितलं असतं तर तुम्ही सगळे माझ्याकडे तसं बघायला लागला असता. म्हणून सांगितलं नाही. विहीणबाईंनी विचारलं की मीपण दोन दिसायची का.

"दिसायचीस ना. उजवीकडे बसलीस की दोन."

"मंग बोलत कुणाशी व्हते?"

"दोघींशी. चूक व्हायला नको म्हणून."

विहीणबाईंनी विचारलं, "दुसरी काय म्हणायची?"

"ती काही बोलायची नाही. ऐकून घ्यायची."

"मंग तिलाच ठेवायची व्हती," विहीणबाई म्हणाल्या, आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी कल्पनाला डोळ्याने खुणावलं की जाऊ नको आत, बसू दे त्यांना.

स्कूटर विकली नाही पण किल्ली जावयाकडे गेली. व्याह्यांनी पट्टी लावलेल्या डोळ्याने, म्हणजे दुसऱ्या डोळ्याने, विहीणबाईंचा फोटो पुन्हा छापला. या वेळी मला बोलावलं नाही. पिवळा, लाल, निळा. वाळल्यावर दोरीवरून काढून सगळ्यांसमोर ठेवला. कोंबडी फोटोत नाही, पण तो चेहरा बघून कोणालाही कळेल की समोर काहीतरी गंमत झाली आहे. एक नाक. विहीणबाईंनी बघितला आणि म्हणाल्या की हा तर बरा आहे, पण दात झाकला असता तर. आधीचे दोन नाकांचे सगळे कागद व्याही फेकायला निघाले तेव्हा त्यांनी हातातून काढून घेतले आणि आपल्या पेटीत साड्यांच्या घड्यांमध्ये ठेवले. का ते मी विचारलं नाही. विहिणींनी एकमेकींना सगळं विचारायचं नसतं.

माझा गुडघा सुधारला, मी सिन्नरला परत आले. कल्पना फोन करते. पट्टी निघाली, डोळा बराच परत आला, साखर बरी आहे. व्याह्यांनी आता यंत्रं दोन केलीत, एक हवेचं आणि एक साखरेचं, आणि दोन्ही बघून घाबरतात. कुकर लागतो तो अजूनही विचारूनच. पण एकदम उजवीकडे बघितलं की अजून थोडं दोन दिसतं, आणि डॉक्टर म्हणाले की एवढं बहुधा राहील. जेवायला बसतात तेव्हा विहीणबाई त्यांच्या उजव्या हाताला बसतात. कल्पनाने एकदा पानांच्या जागा बदलून बघितल्या, सासूबाईंना डावीकडे बसवलं. व्याह्यांनी आपलं ताट उचललं आणि पलीकडे जाऊन बसले, त्या पुन्हा उजवीकडे येतील असे. कल्पना मला विचारत होती, आई, सासऱ्यांना सांगू का, डोळ्याला ताण देऊ नका म्हणून.

मी म्हटलं, राहू दे. ताण नाही तो.

आमचे हे वारल्यापासून माझ्यासमोर जेवताना भिंत असते. भिंत चांगली आहे. सरळ आहे, कोरडी आहे, आणि कुठल्याही डोळ्याने बघितली तरी एकच दिसते.